शीळ घालणारा खडक

मशीन ठणठणीत आहे, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं आणि धाकटीच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला. झालं ते एवढंच. दुरुस्तीवाला आपले पेचकस आणि तारांची भेंडोळी पिशवीत कोंबत होता. "दोनदा बघितलं मॅडम. सगळे सूर अगदी बरोबर निघतायत. तुमच्या कानांनाच सुट्टी हवी असेल," असं म्हणून तो हसला, आणि तीही हसली, कारण अशा वेळी हसायचं असतं. तो जिना उतरून गेल्यावर ती कान तपासायच्या बंद खोलीत जाऊन बसली. जाड दार, भिंतींना बारीक भोकांचे तक्ते, एक खुर्ची, तपासून घेणाऱ्याने दाबायचं एक बटण आणि एक काच. काचेच्या पलीकडे बसून गेली बावीस वर्षं ती लोकांचे कान तपासत आली होती. या कामाचा एक नेम असतो. सकाळी पहिला माणूस आत यायच्या आधी तपासणाऱ्याने हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवायचा, एकेक सूर अगदी हलका करून ऐकायचा आणि ऐकू आला की वहीत बरोबरची खूण करायची. मशीनवर भरवसा ठेवायचा तर आधी ते एका चांगल्या कानाने पारखून घ्यायला हवं, आणि त्या दवाखान्यातला चांगला कान म्हणजे धाकटीचा. कानांचे डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आमच्याकडे दोन मशीनं आहेत, एक विजेवर चालतं आणि एक चहावर. तर नऊ दिवसांपूर्वी वरचे दोन बारीक सूर तिला लागले नाहीत. तिने हेडफोन बदलला, तार हलवून पाहिली, आणि वहीत लिहिलं, मशीन सदोष. दुसरी काही शंका तिच्या मनाला शिवलीदेखील नाही. जगातल्या कुणाचाही कान बिघडू शकतो. ज्या कानाने मशीन मोजायचं तो कसा बिघडेल? ही चूक तिच्या धंद्यातलंच माणूस करू जाणे. नऊ दिवस तिने माणसं परत पाठवली. एक गवंडी दोन बस बदलून दोनदा आला आणि दोनदा तसाच गेला. आता मशीन धडधाकट ठरून समोर बसलं होतं. तिने हेडफोन चढवला, वरचा सूर लावला. मशीनवरचा लाल दिवा लागला, म्हणजे सूर निघाला होता. कानात काही नव्हतं. तिने सूर वाढवला, आणखी वाढवला, आणि खूप उशिराने कुठूनतरी लांबून एक सुई टोचावी तसं काहीतरी आलं. मग तिने वही ओढली आणि सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या. हात आपोआप चालला. बावीस वर्षांची सवय होती ती.

त्याच आठवड्यात ताई बेटाची टूम घेऊन आली. ताई तिच्याहून चौदा वर्षांनी मोठी, शाळेतून निवृत्त झालेली, आणि शाळा सुटली तरी फळा न सुटलेली. धाकटीच्या वेण्या घालण्यापासून तिला पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला सोडण्यापर्यंत सगळं ताईने केलं होतं. यजमान गेल्यापासून ती धाकटीच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायला आली होती, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायलासुद्धा वरच्या मजल्यावरच्या धाकटीला हाक मारायची. "तुझे कान ना, सोन्याचे आहेत," असं म्हणायची. त्या दिवशी ती म्हणाली, "हे बघ, तुझा चेहरा किती उतरलाय. आपण चार दिवस जाऊन येऊ. तिथे काही म्हणजे काही नाही. गाड्या नाहीत, भोंगे नाहीत. म्हणे इतकी शांतता असते, की पान पडलेलं ऐकू येतं." पान पडलेलं ऐकू येतं तिथे धाकटीला कशाला न्यायचं? शहरात बरं होतं. शहरातल्या गोंगाटाखाली हजार माणसं आपापले बहिरे कान झाकून वावरत असतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. पण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि ताईला कारण देणं म्हणजे सगळा पाढा वाचणं. म्हणून ती गेली. लाँचमधून उतरताना तिला वाटलं, आपण सहलीला नाही, परीक्षेला आलो आहोत.

बेट सुंदर होतं, आणि याचीच तिला भीती वाटत होती. लाल मातीचा एकच रस्ता, दोन्ही बाजूंना नारळ, मधूनमधून पत्र्याचं नाहीतर झावळ्यांचं छप्पर, दारात सुकत घातलेली जाळी, सायकलवरून निवांत जाणारी माणसं. पहिल्या सकाळी त्या टेकडीवर गेल्या. वर जायची वाट दाट झाडांतून होती. अर्ध्या वाटेत ताई थांबली, कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "अगं बाई! काय ही किरकिर! या किड्यांना दमबिम लागतो की नाही?" धाकटी थांबली. तिला पानांची सळसळ ऐकू येत होती. ताईचा धाप लागलेला श्वास ऐकू येत होता. खाली लांब समुद्र घुमत होता, तोही ऐकू येत होता. किरकिर नव्हती. झाडं उभी होती, ऊन पानांतून गळत होतं, आणि ताई तोंड वाकडं करून ज्याच्याकडे बघत होती ते तिथे नव्हतंच. "हो ना," धाकटी म्हणाली, आणि तिनेही कानांवर हात ठेवले. हात ठेवल्याने काहीच बदललं नाही. दवाखान्यात दोन सूर गेले होते, इथे अख्खं रान मुकं झालं होतं. ती पुढे चालू लागली तेव्हा तिचं लक्ष वाटेकडे नव्हतं. वरचे सूर आधी जातात, हे ती रोज लोकांना सांगत असे. आधी किडे जातात, मग चिमण्या जातात, मग दाराची घंटी, मग पोरांचे आवाज, मग बोलण्यातले काठ झिजतात आणि माणसं तोंडातल्या तोंडात बोलताहेत असं वाटू लागतं. ती हे किती गोड आवाजात सांगायची! घाबरू नका, हळूहळू होतं, म्हणायची. हळूहळू होतं यात घाबरू नये असं काय आहे, हा प्रश्न बावीस वर्षांत तिला एकदाही पडला नव्हता.

मग तिने तेच सुरू केलं जे तिच्या खोलीत येणारे लबाड लोक करत. कान शाबूत असल्याचं दाखवायला आलेला माणूस सूर ऐकत नाही, तपासणाऱ्याला ऐकतो. खांदा हलला की बटण दाबतो, काचेवर हाताची सावली पडली की दाबतो. असे लोक ती हसत हसत पकडायची. नुसता हात हलवायची, सूर सोडायचीच नाही, आणि ते बटण दाबून मोकळे व्हायचे. आता तिचं मशीन म्हणजे ताईच्या भुवया. भुवई चढली की कुठेतरी पक्षी ओरडला, मान वळली की मागून सायकलची घंटी आली. दुसऱ्या दिवशी धबधब्यावर तिला जरा बरं वाटलं, कारण तिथे पाण्याच्या दणदणाटात ताईलाही काही ऐकू येत नव्हतं. दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होत्या, आणि धाकटीला वाटलं, सगळं जग असंच दणदणत राहिलं तर किती बरं. तिसऱ्या दिवशी वटवाघळांची गुहा. गुहेच्या तोंडाशी ताई तिच्या दंडाला बिलगली. "कशी चिरकतायत गं मेली!" वर काळी ओली लक्तरं लोंबत होती, हलत होती, आणि आवाज म्हणून काही नव्हता. नुसती हालचाल. कुणीतरी काचेपलीकडे तोंडं हलवत असावं तशी. "चल, बाहेर जाऊ," धाकटी म्हणाली. ताई म्हणाली, "घाबरलीस होय? एवढी घोडी झालीस तरी?" आणि लहानपणी जसा धरायची तसा तिचा हात घट्ट धरून तिला उन्हात घेऊन आली. त्या हातात हात असताना सांगून टाकावं असं धाकटीच्या अगदी ओठांवर आलं. पण ओठांवर आलेलं गिळायची कला त्यांच्या घराण्यातली होती.

बाबा सुतारकामाच्या कारखान्यात लाकूड कापायच्या करवतीवर होते. चाकाच्या करवतीशेजारी तीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाचे कान जेवढे उरतात तेवढे त्यांचे उरले होते. पण बाबांनी 'मला ऐकू येत नाही' हे वाक्य जन्मात उच्चारलं नाही. ते मान डोलवायचे. सगळे हसले की अर्ध्या क्षणाने हसायचे. त्या अर्ध्या क्षणाचा धाकटीला भयंकर राग यायचा. तिने हा धंदा पत्करला तो बहुधा त्या रागापायीच. एकदा आई न्हाणीत पडली. कंबरेचं हाड मोडलं. ती हाका मारत राहिली, आणि पलीकडच्या खोलीत बाबा पेपर वाचत बसले होते. ताई शाळेतून आणि धाकटी कॉलेजातून येईपर्यंत आई ओल्या फरशीवर पडून होती. बाबा दारात उभे होते, पांढरेफटक, आणि म्हणाले, "तू हाक मारलीच नाहीस. मारली असतीस तर मी आलो नसतो का?" आई म्हणाली, शंभर हाका मारल्या. बाबा म्हणाले, नाही. पुढे प्रत्येक वेळी नाहीच म्हणाले, इतकं ठाम, की शेवटी शेवटी आई स्वतःच म्हणायला लागली, कोण जाणे, मला शुद्ध नसेल, मनातल्या मनातच मारल्या असतील. धाकटीला आईचं पडणं तेवढं आठवत नसे. आईचा तो चेहरा आठवायचा, स्वतःच्या आवाजावरचा विश्वास उडालेला.

चौथ्या दिवशी, परत निघायच्या आधी, शीळ घालणारा खडक बघायचा होता. बेटाच्या मागच्या अंगाला, होडीनेच जावं लागे. होडीवाली साठीची, काटक, शब्द मोजून वापरणारी बाई. खडक म्हणजे समुद्रात घुसलेला काळा कातळ, खालून पोकळ. वरच्या बाजूला घागरीच्या तोंडाएवढं भोक. मोठी लाट खालच्या पोकळीत शिरली की आतली हवा कोंडते आणि त्या भोकातून शीळ घालत बाहेर पडते. मग मागोमाग पाणी उसळतं, दोन पुरुष उंच. "शीळ वाजली की मागे यायचं," होडीवाली म्हणाली. "मनात दहा मोजेस्तवर वेळ असतो. पांढरी रेघ मारलीय तिच्या मागं. कधी पाच मिनिटांत वाजते, कधी अर्धा तास नाही. पण वाजल्याबिगर पाणी येत नाही." भोकाच्या अलीकडे कातळात एक उथळ खळगा होता, त्यात उन्हाने कोमट झालेलं स्वच्छ पाणी, तळाशी जांभळे शिंपले. लोक येत ते त्यात पाय सोडून बसायलाच. खळग्यापलीकडे कातळ उतरत जाऊन एकदम तुटला होता. होडीवाली पाणी उपसायला होडीकडे उतरली. ताईने चपला काढल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि त्या पाण्यात पाय सोडून बसली. "अहाहा! ये ना." धाकटी रेघेच्या मागे उभी राहिली होती. "बरं, नको येऊस. मी जरा डोळे मिटते. तू लक्ष ठेव हं. तुझ्यासारखे कान असल्यावर मला काय काळजी!"

"हो," धाकटी म्हणाली.

तो एक शब्द तोंडातून सुटला आणि परत घेता येईना. तिला नीट ठाऊक होतं की आपण काय केलंय. करवतीशेजारी उभं राहून बाबांनी मान डोलवावी तशी आपण मान डोलवली. पण कदाचित ही शीळ जाड असेल, तिने स्वतःला समजावलं. एवढ्या मोठ्या भोकातून येणारी शीळ बारीक कशी असेल? येईल ऐकू. ती कान टवकारून उभी राहिली. समुद्राचा घुमारा येत होता. खाली पोकळीत पाणी गुरगुरत होतं, तेही येत होतं. ताईची पाठ तिच्याकडे होती. भुवया दिसत नव्हत्या. तीन दिवस जे मशीन बघून ती बटण दाबत आली होती ते आज तोंड फिरवून बसलं होतं, आणि तिच्या हातात नुसतं बटण उरलं होतं. तिने डोळ्यांनी ऐकायचं ठरवलं. भोकाच्या कडेला ओल वाढते का? खेकडे पळतात का? एक खेकडा पळाला. धाकटी ओरडणार तोच खेकडा थांबून नांगी तोंडाशी नेऊ लागला. एक लाट आली, गेली. दुसरी आली, गेली. ताईच्या मानेवर पिकलेल्या केसांची बट वाऱ्याने हलत होती. तिला बोलवावं. म्हणावं, चल, उशीर होतोय. म्हणावं, पोटात दुखतंय. खरं नाही सांगायचं तर खोटं सांग, पण तिला तिथून उठव! तिच्या मनाने असा आकांत मांडला आणि जीभ हलेना, कारण त्याच वेळी दुसरं मन म्हणत होतं, थांब, एकदा वाजू दे, एकदाच ऐकू येते का बघू दे. ऐकू आली तर सगळंच परत मिळेल, रान मिळेल, वही मिळेल. तिला ती शीळ ताईपेक्षाही जास्त हवी होती. हे तिच्या ध्यानात आलं आणि ती स्वतःलाच भ्याली. तेवढ्यात ताईची मान हलली. ताईने मान जराशी वर केली, आणि पुन्हा तशीच बसून राहिली. काय झालं? काहीच झालं नाही. समुद्र घुमत होता. ताईने मग मागे वळून धाकटीकडे पाहिलं, प्रश्न विचारावा तसं. धाकटी हसली. अर्ध्या क्षणाने.

पाणी आलं ते आभाळ उलटं झाल्यासारखं. ताई उठत होती, अर्धी उठली होती, तेव्हा ते तिच्यावर कोसळलं. धाकटीला तिचं पांढरं डोकं फेसात दिसलं, मग दिसेनासं झालं, मग कातळाच्या उतारावर साडीचा निळा पदर सरकत जाताना दिसला. ती धावली की पडली हे तिला पुढे कधीच आठवलं नाही. तिच्या मुठीत पदर आला, मग दंड आला. गुडघे कातळावर रुतवून तिने ओढलं, पाणी दोघींना खेचत खाली जात होतं, ती ओढत राहिली, आणि पाणी निघून गेलं. दोघी रेघेच्या मागे येऊन पडल्या. ताईचा चष्मा गेला होता. एका पायाची सालं निघाली होती. ती खोकत होती, थरथरत होती, आणि धाकटीचा हात सोडत नव्हती.

"शीळ वाजली होती ना गं?" ताईने विचारलं.

धाकटीने तोंडावरचं खारं पाणी पुसलं. "नाही," ती म्हणाली. "वाजलीच नाही. वाजली असती तर मी हाक मारली नसती का?"

ताई बघत राहिली. चष्म्याशिवाय तिचे डोळे लहान आणि म्हातारे दिसत होते. "मला वाटलं वाजली," ती हळू म्हणाली. "मी उठणारच होते. पण म्हटलं, तू काही बोलली नाहीस, म्हणजे मलाच भास झाला असेल. म्हणून वळून बघितलं. तू हसलीस, म्हणून बसले."

"वाऱ्याचा आवाज असेल."

होडीवाली धावत वर आली होती. तिने ताईला उठवलं, पाय बघितला, आपलं कोरडं कापड गुंडाळलं. होडीत बसल्यावर ताईने तिला विचारलं, "शीळ न वाजता पाणी येतं का हो कधी?" होडीवाली वल्हं मारत राहिली. "माझा जन्म गेला इथं. नाही येत." मग तिने धाकटीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "तुम्ही तर होडीत होता, तुम्हाला ऐकू आली का, ते सांगा," ताई म्हणाली. होडीवाली म्हणाली, "मी पाणी उपसत होते. डबड्याचा खडखडाट. देवाशपथ सांगता येणार नाही." किनारा सरकत होता, नारळ सरकत होते, ऊन छान होतं. ताईने उजव्या कानात करंगळी घालून हलवली. मग डाव्या कानात घातली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली, आणि थोड्या वेळाने, शाळेतल्या बाईंचा तो खणखणीत आवाज कुठेतरी हरवून, म्हणाली, "धाकटे, गेल्यावर माझे कान बघशील का गं? वय झालं. नाही ते ऐकू यायला लागलं म्हणजे..." वाक्य तिने अर्धंच सोडलं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. धाकटीने ती भीती ओळखली, कारण मशीन ठणठणीत निघाल्या दिवसापासून ती स्वतः ती अंगाखांद्यावर वागवत होती. आणि तो चेहराही ओळखला, कारण तो आईचा होता, ओल्या फरशीवरचा. आता नुसतं हो म्हणायचं होतं. बघते, म्हणायचं होतं. ताईला खुर्चीत बसवून हेडफोन चढवायचा, सूर सोडायचे, ताई प्रत्येक वेळी बटण दाबेल, आणि मग सांगायचं, वयाच्या मानाने बरे आहेत हो, घाबरू नकोस. जन्मभर ताईने त्यावर विश्वास ठेवला असता, आणि त्यापायी जन्मभर तिने स्वतःच्या कानांवर ठेवला नसता.

धाकटीने होडीची कड दोन्ही हातांनी धरली.

"ताई," ती म्हणाली, "शीळ वाजली होती."

ताईने मान वळवली. "तुला ऐकू आली?"

"नाही."